नावापुढची तीन अक्षरे

फेब्रुवारी १९६२ मध्ये एन्झो फेरारी यांनी मारानेल्लोच्या कारखान्यात पत्रकारांना नव्या हंगामाच्या शर्यतीच्या गाड्या दाखवल्या. हा त्यांचा दरवर्षीचा रिवाज होता. त्या वर्षीच्या ताफ्यात इंजिन पुढच्या बाजूला असलेली एकच गाडी होती. बाकीच्यांची इंजिने तोपर्यंत चालकाच्या पाठीमागे गेली होती. लांब, जमिनीकडे झुकलेले नाक, आखूड कापलेली शेपूट आणि नाव २५० जीटीओ. यातला २५० हा आकडा प्रत्येक सिलिंडरच्या घनफळाचा. बारा सिलिंडर, प्रत्येकी सुमारे अडीचशे घनसेंटिमीटर, म्हणजे एकूण तीन लिटर. जीटी म्हणजे ग्रान तुरिझ्मो, लांब पल्ला वेगाने आणि आरामात गाठणारी बंद गाडी. शेवटचा ओ ओमोलोगातोचा: शर्यतीच्या नियामकांनी या वर्गात पळायला मान्यता दिलेली.

गिऱ्हाइकाला भुरळ घालण्यासाठी ही अक्षरे योजलेली नव्हती. डॉक्टरांच्या पाटीवर नावापुढे पदवी असते, तशी ती होती: कोणीतरी परीक्षा घेतली आहे आणि तिचे कागद आहेत, एवढेच सांगणारी. पुढच्या दोनच वर्षांत ही पदवी अटलांटिकपलीकडे गेली आणि तिथे ती परीक्षेवाचून मिळू लागली. आज रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांच्या डिक्कीवर जीटी, आरएस, एम, एन लाइन अशी काही ना काही अक्षरे चमकतात. त्यांचा अर्थ इतका सैल का झाला, हे समजायचे तर १९६२ ते १९६४ या काळाकडे जावे लागते.

मुळात परीक्षा का आली? ग्रान तुरिझ्मो हे शब्द इटलीत जुनेच होते. १९३० च्या सुमारास अल्फा रोमिओच्या ६सी १७५० या गाडीच्या एका प्रकाराला ते नाव होते. त्यांना खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती लान्चियाच्या ऑरेलिया बी २० जीटीने. १९५१ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत, म्हणजे इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून धावणाऱ्या हजार मैलांच्या शर्यतीत, या दोन लिटरच्या गाडीने दुसरा क्रमांक पटकावला. पहिली आलेली फेरारी चार लिटरहून मोठ्या इंजिनाची होती. जिच्यातून कामावर जाता येते, बायकोमुलांना समुद्रावर नेता येते, तीच गाडी शर्यतीत खास शर्यतीसाठी बांधलेल्या यंत्रांच्या पाठोपाठ येऊ शकते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. जीटी या अक्षरांमागची भावना ती हीच.

दुसऱ्या बाजूला, निव्वळ शर्यतीच्या स्पोर्ट्स गाड्या भयानक वेगवान होत चालल्या होत्या. ११ जून १९५५ रोजी ल मान्सला एक मर्सिडीज प्रेक्षकांच्या बाजूला उडाली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियामकांचा कल हळूहळू रस्त्यावरच्या गाड्यांकडे वळला. १९६२ पासून गाडी-निर्मात्यांची जागतिक स्पर्धाच जीटी वर्गासाठी ठेवली गेली. या वर्गात यायचे तर निर्मात्याने बारा महिन्यांत त्या नमुन्याच्या शंभर गाड्या बांधलेल्या असल्या पाहिजेत, अशी अट होती. हेतू सरळ होता: एकुलती एक राक्षसी गाडी बांधून तिला ‘रस्त्यावरची’ म्हणवून घेता येऊ नये.

फेरारींकडे या वर्गातली गाडी होतीच, आखूड चाकअंतराची २५० जीटी बर्लिनेत्ता. ती जिंकतही होती. पण सरळ रस्त्यावर तिचे बोजड नाक हवेला आडवे येई, आणि इंग्लंडच्या जॅग्वार ई-टाइपची चाहूल लागली होती. अभियंते जोत्तो बिझ्झारिनी यांनी त्याच सांगाड्यावर नवा, सडपातळ पत्रा चढवायला घेतला. सप्टेंबर १९६१ मध्ये शर्यतपटू स्टर्लिंग मॉस यांनी मोंझाच्या मैदानावर हा ओबडधोबड नमुना चालवून पाहिला. मग नोव्हेंबरात कारखान्यात स्फोट झाला: एन्झो यांच्याशी खटका उडून बिझ्झारिनींसह अनेक वरिष्ठ एका दमात बाहेर पडले. अपुरे काम सव्वीस वर्षांच्या माउरो फोर्गिएरींच्या हातात आले. त्यांनी आणि मोदेनाचे पत्राकारागीर सेर्जो स्काल्येत्ती यांनी ते पुरे केले.

शंभराच्या अटीचे काय झाले? मूळ मालिकेच्या जीटीओ सगळ्या मिळून ३६ बांधल्या गेल्या. चार लिटर इंजिनाच्या तीन धरल्या तरी ३९. फेरारींनी नियामकांना सांगितले की ही नवी गाडी नाही, आधीच मान्यता मिळालेल्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे. बर्लिनेत्ताच्या कागदांना पुरवणी जोडली गेली आणि त्या पुरवणीवर जीटीओ शर्यतीत उतरली. म्हणजे ज्या गाडीच्या नावातच मान्यतेचे अक्षर आहे, तिची मान्यता उसन्या कागदांवर होती. तरीही मी या पळवाटेला फसवणूक म्हणणार नाही. सांगाडा खरोखर जुन्या घराण्याचा होता, इंजिन फेरारींचे ल मान्समध्ये तावूनसुलाखून निघालेले तीन लिटरचे बारा सिलिंडरचे होते, आणि कोणत्याही मालकाला ती नंबरप्लेट लावून रस्त्यावर नेता येत होती. काहींनी खरोखरच ती चालवत शर्यतीला नेली, पळवली आणि चालवतच घरी आणली. १९६२, ६३, ६४ अशी सलग तीन वर्षे या गाडीने फेरारींना जीटी विजेतेपद मिळवून दिले. पुढे तिचे मोल किती वाढले, हे लिलावांवरून कळते: २०१८ मध्ये एक जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला, तर २०२३ मध्ये दुसरी ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली.

नियामक मात्र दुसऱ्यांदा अशी पळवाट द्यायला तयार नव्हते. फेरारींनी पुढची २५० एलएम आणली, जिचे इंजिन चालकाच्या मागे होते, आणि हीसुद्धा जुन्याच २५० ची आवृत्ती आहे असे पुन्हा सांगितले. १९६४ मध्ये त्यांना ठाम नकार मिळाला. इटलीचा ऑटोमोबाइल क्लब आपल्या बाजूने उभा राहिला नाही म्हणून एन्झो इतके संतापले की त्यांनी आपला स्पर्धा-परवाना परत केला. त्या हंगामाच्या शेवटच्या दोन फॉर्म्युला वन शर्यतींत, अमेरिकेत आणि मेक्सिकोत, फेरारी गाड्या इटलीच्या लाल रंगात उतरल्या नाहीत. त्या एका अमेरिकी संघाच्या नावावर पांढऱ्या-निळ्या रंगात पळल्या, आणि जॉन सर्टीझ यांनी मेक्सिकोत अवघ्या एका गुणाने जगज्जेतेपद जिंकले ते त्याच रंगात. नावापुढचे अक्षर मिळावे म्हणून हा सगळा झगडा! नाकारलेल्या एलएमने १९६५ ची ल मान्स शर्यत जिंकली, पण ती जीटी म्हणून नव्हे, प्रोटोटाइपच्या वर्गात.

हे सगळे युरोपात चालू असताना डेट्रॉइटमध्ये वेगळाच पेच उभा होता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक जनरल मोटर्सच्या होत्या, आणि मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा कधी पडेल याची कंपनीच्या वरिष्ठांना धास्ती होती. शर्यतींचा गाजावाजा करून सरकारचे लक्ष ओढवून घेणे त्यांना नको होते. जानेवारी १९६३ मध्ये वरून फर्मान निघाले: कोणत्याही विभागाने शर्यतीत भाग घ्यायचा नाही.

याचा सर्वांत मोठा फटका पाँटिअ‍ॅकला बसला. पन्नाशीच्या दशकात हा विभाग म्हाताऱ्यांच्या गाड्या बनवतो अशी त्याची ख्याती होती. शर्यती जिंकून त्याने ती पुसली होती आणि विक्रीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत मजल मारली होती. आता ते साधनच काढून घेतले गेले. मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी मिलफर्डच्या चाचणी-मैदानावर टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या नव्या गाडीवर काम करत होते. तिच्यात ३२६ घनइंचांचे, म्हणजे साधारण ५.३ लिटरचे, व्ही-८ इंजिन बसत होते. पाँटिअ‍ॅकच्या मोठ्या गाड्यांचे ३८९ घनइंचांचे, ६.४ लिटरचे इंजिन बाहेरून जवळजवळ तेवढेच होते आणि त्याच खुंट्यांवर बसत होते. कॉलिन्स यांनी हे लक्षात आणून दिले आणि थोड्याच दिवसांत तशी एक गाडी उभी राहिली. जो कोणी ती चालवायला घेऊन जाई, तो परत द्यायला नाखूश असे.

अडचण अशी की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा कंपनीचाच नियम होता. पण नव्या नमुन्यांना वरून मंजुरी लागे. गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागवायच्या साहित्याला लागत नसे. तेव्हा जीटीओ ही गाडी न राहता टेम्पेस्ट ल मान्सवर घेता येणारा जवळपास ३०० डॉलरचा ‘पॅकेज’ झाला: मोठे इंजिन, दुहेरी सायलेन्सर, कडक स्प्रिंगा, बोनेटवर दोन नकली हवाझडपा आणि बाजूला तीन अक्षरे. विभागप्रमुख पीट एस्टीस यांनी जोखीम पत्करून त्याला होकार दिला. विक्रीप्रमुखांना मात्र भरवसा नव्हता. पाच हजारांहून जास्त बनवू नका, असे त्यांचे म्हणणे पडले. एस्टीस यांचा नियम मोडण्याचा मार्ग आणि फेरारींचा मार्ग यांत मला विलक्षण साम्य दिसते. दोघांनीही नव्या गाडीला जुन्या गाडीची पुरवणी म्हटले. फरक एवढाच की फेरारींना ती शर्यतीत न्यायची होती आणि पाँटिअ‍ॅकला शर्यतीत जायची बंदी होती.

हे नाव डीलोरियन यांनी सुचवले असे मानले जाते. ते कुठून आले, हे लपवण्याचा प्रयत्नही झाला नाही. पाँटिअ‍ॅकच्या यादीत बॉनव्हिल, ल मान्स, ग्राँ प्री अशी शर्यतीच्या जगातली नावे आधीपासून होती. पण ती ठिकाणांची आणि स्पर्धांची नावे होती. जीटीओ हा एका नियामक संस्थेने दिलेला दर्जा होता, आणि पाँटिअ‍ॅकने तो त्या संस्थेकडे अर्जही न करता गाडीवर चिकटवला. युरोपच्या गाड्यांवर जीव टाकणारे अमेरिकी वाचक खवळले आणि मासिकांकडे निषेधाची पत्रे गेली.

आणि मग मार्च १९६४ चा ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाचा अंक आला. मुखपृष्ठावर दोन जीटीओंचे चित्र, एक फेरारीची, एक पाँटिअ‍ॅकची. प्रत्यक्षात फेरारी मिळालीच नव्हती. तुलना कागदावरच केलेली होती. पाँटिअ‍ॅकने मात्र आपली गाडी पाठवली होती, आणि मासिकाने छापले की ती उभ्या जागेवरून ताशी १०० मैलांचा वेग ११.८ सेकंदांत गाठते. शोरूममधल्या गाडीच्या मानाने हा आकडा अविश्वसनीय होता. अनेक वर्षांनी पाँटिअ‍ॅकचे जाहिरात-सूत्रधार जिम वँगर्स यांनी आपल्या आठवणींत कबूल केले की त्या गाडीत ३८९ नव्हे, ४२१ घनइंचांचे इंजिन गुपचूप बसवले होते.

या साऱ्या प्रकरणात मला खरे दुखते ते इथे. फेरारींचे नाव उचलणे हा उद्धटपणा होता, पण त्यात वाचकाची फसवणूक नव्हती. पाँटिअ‍ॅकची खरीखुरी जीटीओसुद्धा दणकट होती: साध्या कार्ब्युरेटरवर ३२५ अश्वशक्ती, तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८, आणि तीही एका तरुण कामगाराच्या पगारात बसणाऱ्या किमतीत. तिला लबाडीची गरज नव्हती. तरीही ती केली गेली, कारण अक्षरांमागे परीक्षा उरली नव्हती आणि तिच्या जागी मासिकातला एक आकडा बसवायचा होता.

लोकांनी गाडी डोक्यावर घेतली. पाच हजारांच्या अंदाजाऐवजी पहिल्याच वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. रॉनी अँड द डेटोनाज या गटाचे ‘जीटीओ’ नावाचे गाणे त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. १९६६ मध्ये विक्री ९६,९४६ वर पोचली. कारखान्याबाहेरच्या कोणीही मान्यता न दिलेली ‘मान्यताप्राप्त’ गाडी वर्षाला लाखाच्या घरात खपत होती.

एकदा हे जमते म्हटल्यावर बाकीचे मागे राहतील कसे? जनरल मोटर्सच्याच ओल्ड्समोबिल विभागाने १९६४ मध्ये ४-४-२ आणली. पहिला ‘चार’ हा कार्ब्युरेटरच्या चार नळ्यांचा, दुसरा चार गिअरचा, दोन म्हणजे दोन सायलेन्सर. पुढच्या वर्षी त्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही देता येऊ लागला, मग चार गिअरचा अर्थ टिकेना. तेव्हा कंपनीने सांगितले की पहिला चार आता ४०० घनइंचांच्या इंजिनाचा. आकडे तसेच राहिले, त्यांचा अर्थ बदलला. शेव्हरोलेच्या इम्पालावर १९६१ मध्ये एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, ही अक्षरे आली तेव्हा त्यासोबत मोठे इंजिन घ्यावेच लागे आणि अशा पाचशेसुद्धा गाड्या बनल्या नाहीत. वर्षभरातच तीच अक्षरे साध्या सहा सिलिंडरच्या गाडीवरही मिळू लागली.

अमेरिकेत याला अपवाद झाला तो मागणी-फॉर्मवरच्या एका सांकेतिक क्रमांकाचा. १९६७ मध्ये ट्रान्स-अ‍ॅम शर्यतमालिकेत कमारो ही गाडी उतरवता यावी म्हणून शेव्हरोलेने नियमात बसेल असे ३०२ घनइंचांचे इंजिन तिच्यात घातले. यादीत त्या पर्यायाचा क्रमांक होता झेड २८. जाहिरात नाही, चमकदार नाव नाही. पहिल्या वर्षी ६०२ गाड्या गेल्या. शर्यतीत ती जिंकू लागली आणि तो कारकुनी क्रमांकच नाव होऊन बसला. उलट पाँटिअ‍ॅकने १९६९ मध्ये फायरबर्डच्या एका प्रकाराला थेट ‘ट्रान्स अ‍ॅम’ म्हटले, पण तिचे इंजिन त्या मालिकेच्या मर्यादेपेक्षा मोठे होते! नाव वापरल्याबद्दल पाँटिअ‍ॅकला शर्यतीच्या आयोजक क्लबला गाडीमागे पाच डॉलर द्यावे लागले. माझ्या माहितीत शर्यतीचे नाव वापरण्याची किंमत इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे ठरलेली नाही.

अमेरिकेतला हा बहर फार टिकला नाही. विमा कंपन्यांनी तरुण चालकांच्या दणकट गाड्यांवर जबर हप्ते लावले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने इंजिनांचा दम घोटला, १९७३ मध्ये तेल महागले. त्या बहरातली शेवटची, १९७४ ची जीटीओ व्हेन्चुरा या छोट्या गाडीवरचा पर्याय होती, २०० अश्वशक्तीची; ती फक्त ७,०५८ लोकांनी घेतली.

जर्मनीतही तेव्हा हवा प्रतिकूल होती. बीएमडब्ल्यूने सप्टेंबर १९७३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात २००२ टर्बो मांडली. तिच्या पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ हा शब्द आरशात दिसावा तसा उलटा रंगवलेला होता, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याने आरशात तो सुलटा वाचावा आणि बाजूला व्हावे. महामार्गावर दांडगाई शिकवणारे हे काय, म्हणून पार्लमेंटपर्यंत टीका गेली आणि ती अक्षरे काढावी लागली. पुढच्याच महिन्यात अरब-इस्रायल युद्ध पेटले. टर्बो १,६७२ वर थांबली.

अशा वेळी व्होल्फ्सबुर्गमध्ये आल्फोन्स ल्योव्हेनबेर्ग या अभियंत्याने फोक्सवॅगनच्या गोल्फ या गाडीची शर्यतीयोग्य आवृत्ती काढावी असे १९७४ मध्ये सुचवले. फोक्सवॅगनला त्या वर्षी ८० कोटी मार्कांहून अधिक तोटा झाला होता. असल्या चैनीला कोण परवानगी देणार? तेव्हा मोजक्या लोकांनी परवानगीशिवायच काम सुरू केले. प्रसिद्धीप्रमुख आंटोन कोनराड यांच्या घरी त्यांच्या बैठका होत. पहिला नमुना इतका कर्कश आणि खडतर होता की त्यांनीच तो बाजूला ठेवला आणि रोज वापरता येईल अशी दुसरी गाडी घडवली. सप्टेंबर १९७५ मध्ये ती फ्रँकफर्टला दाखवली गेली आणि १९७६ च्या उन्हाळ्यात विक्रीला आली: ८१० किलो वजन, १.६ लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन, ताशी १८२ किलोमीटर वेग. आसनांचे चौकड्यांचे कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फच्या चेंडूसारखा गोळा ही गुनहिल्ड लिलियेक्विस्ट यांची कल्पना. कंपनीत कापड आणि रंगांचे काम त्या पाहत.

नाव ठरले जीटीआय. आय म्हणजे इंजेक्शन: कार्ब्युरेटरऐवजी बॉशची इंधन फवारणारी यंत्रणा. ही अक्षरेही उसनीच होती. मासेरातीने १९६० च्या आसपास आपल्या ३५०० ला जीटीआय म्हटले होते. पण इथे अक्षरामागे वस्तू होती, आणि संख्येमागे नियम: सुरुवातीला ठरलेल्या ५,००० गाड्या त्या वेळच्या टूरिंग शर्यतीच्या वर्गात प्रवेशासाठी लागत तेवढ्याच होत्या. पाच हजार खपतील का, याची चिंता होती. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक जीटीआय विकल्या गेल्या. मला या गाडीबद्दल आदर वाटतो तो यासाठी की तिने मारानेल्लोची शिस्त कारखान्यातल्या कामगाराला परवडेल अशा गाडीत आणली.

युरोपात त्यानंतर दशकभर नियमाचा हात अक्षरांच्या पाठीवर राहिला. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम ३ ला १९८६ मध्ये जन्म मिळाला तो वर्षाला ५,००० गाड्यांच्या अटीमुळे. शर्यतीत हवा नीट वाहावी म्हणून तिची मागची काचसुद्धा वेगळ्या कोनात बसवली होती. फेरारींनी १९८४ मध्ये जीटीओ हे नाव पुन्हा काढले, शर्यतींच्या ‘गट ब’ या वर्गातल्या २०० गाड्यांच्या अटीसाठी. बांधल्या २७२. पण मे १९८६ मध्ये कॉर्सिकाच्या रॅलीत चालक हेन्री टॉइव्होनेन आणि सहचालक सर्जो क्रेस्टो जळून मेले, गट ब बंद झाला, आणि नावाप्रमाणे मान्यता मिळालेली ही जीटीओ ज्या स्पर्धेसाठी जन्मली तिच्यात कधी उतरलीच नाही.

पुढे नियम बदलत गेले. शर्यतीची गाडी आणि शोरूमची गाडी यांची फारकत झाली आणि अक्षरे जाहिरात विभागाच्या ताब्यात गेली. बीएमडब्ल्यूच्या शर्यत विभागाचे एम हे अक्षर साध्या इंजिनाच्या गाडीवरच्या सजावट-पॅकेजवर दिसू लागले. या अक्षरांवर एकट्या कंपनीचा हक्क सहज चालत नाही, हे न्यायालयातही दिसले. सुझुकीने ‘स्विफ्ट जीटीआय’ हे नाव युरोपात नोंदवायला घेतले तेव्हा फोक्सवॅगनने हरकत घेतली; २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती फेटाळली. जीटीआयवरून गाडीची जात कळते, निर्माता नव्हे.

भारतात ही अक्षरे मागच्या दाराने आली. कार्ब्युरेटर जाऊन इंधन-इंजेक्शन आले तेव्हा मारुतीच्या व्हीएक्सला एक आय जोडला गेला. गावोगावी लोक एलएक्सआय, व्हीएक्सआय म्हणतात तो शेवटचा आय गोल्फच्या आयचाच सगोत्र, फक्त वेगाशी त्याचे काही नाते नाही. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसची अक्षरे युरोपातलीच होती, पण तिकडे १८० अश्वशक्ती असताना इथल्या गाडीत १५० होत्या. तरीही त्या काळात तिने पुण्या-मुंबईच्या तरुणांना टर्बो म्हणजे काय ते शिकवले. तेव्हा चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो २०१३ मध्ये जीटी टीएसआय झाली. आणि २०१६ मध्ये खरी पोलो जीटीआय आली तेव्हा ती आयात केलेली, तीन दारांची, सुमारे २६ लाखांची, अवघी ९९ नगांची होती. २०२० मध्ये मर्सिडीजने चाकणला जीएलसी ४३ कूपे जुळवायला घेतली. भारतात तयार झालेली ती पहिली एएमजी. ज्या एएमजीची सुरुवात १९६७ मध्ये दोन अभियंत्यांच्या छोट्या कार्यशाळेतून झाली आणि १९७१ मध्ये स्पाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक अवाढव्य लाल मर्सिडीज दुसरी आणून जिने जगाला चकित केले, तिची अक्षरे आपल्याकडच्या कामगारांच्या हातून गाडीवर बसू लागली.

विजेवरच्या गाड्यांनी पुढचा पेच टाकला आहे. पोर्शने २०१९ मध्ये टायकान टर्बो आणली. टर्बो हे धुराच्या जोरावर फिरणारे यंत्र. या गाडीत धूरच नाही. आमच्याकडे टर्बो म्हणजे सर्वांत वरची श्रेणी, असे कंपनीचे स्पष्टीकरण. मला ते पटत नाही, पण गाडी तिच्या अक्षरांइतकी वेगवान आहे हे नाकारता येत नाही. फोक्सवॅगनने तर सप्टेंबर २०२३ मध्ये म्युनिकला विजेवरची छोटी जीटीआय नमुन्यादाखल मांडली. तिच्यात फवारायला इंधन नाही, तेव्हा आय आता इंटेलिजन्सचा, असे कंपनीने जाहीर केले. ओल्ड्समोबिलने १९६५ मध्ये ४-४-२ च्या पहिल्या चाराचे जे केले होते, तेच.